मीटर लावून बघू

पावसाळ्यात गोदेला पूर आला की नाशिककर एकमेकांना आकडा विचारत नाहीत. ‘मारुतीला कुठवर लागलंय?’ एवढंच विचारतात. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे या गावाचं पूर मोजायचं यंत्र. पाणी गुडघ्याला लागलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं तर काठावरच्या टपऱ्या हलवायच्या, छातीला लागलं की भांडी बाजार नि सराफ बाजारातल्यांनी माल वर चढवायला घ्यायचा. आणखी एक माप काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं. आम्ही गंगापूर रोडवाले मात्र दुसऱ्याच भाषेत बोलतो, कारण आमचा रस्ता गंगापूर धरणाकडे जातो. ‘आज किती क्युसेक सोडलं?’ क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी पुढे गेलं, त्याचा हिशेब.

एकाच नदीची ही दोन मापं. मारुती सांगतो पाणी कुठवर चढलंय, धरण सांगतं किती वाहतंय. मारुती पुलावर उभं राहून लांबूनही बघता येतो, त्यासाठी नदीच्या वाटेत यावं लागत नाही. क्युसेकचं तसं नाही. ते मोजायचे तर सगळं पाणी मोजणाऱ्याच्या दारातूनच जायला हवं. व्होल्ट आणि अँपिअर यांच्यात फरक काय, असं मला कुणी विचारलं की मी हल्ली पुस्तक उघडत नाही, रामकुंडावर नेतो.

परवा रात्री हे सगळं पुन्हा आठवलं ते भाचीमुळे. ती याच रस्त्यावरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साडेआठला दार वाजलं, आणि ती चपलांचा खोका छातीशी धरून उभी. खोक्यात तिची गाडी: चार पिवळ्या मोटरी, चार चाकं, दोन लिथियम सेल, मोटरी चालवणारं लाल ड्रायव्हर बोर्ड, निळं आर्डुइनो, आणि त्या सगळ्यावर शेवयांसारख्या रंगीबेरंगी वायरी. जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून या गाडीने आपलं आपण चालायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन.

‘मामा, लाईट लागतो. चाकं अर्धा फेरा फिरतात. मग सगळं बंद. मग परत लाईट लागतो, परत अर्धा फेरा, परत बंद. कोड बरोबर आहे, मैत्रिणीच्या गाडीवर चालतो. आणि वायरिंग मी सगळं चेक केलंय. एकूण एक वायर बीप करते.’

तिच्या हातात बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळतो तो पिवळा मल्टिमीटर होता. मी म्हटलं, आधी चहा घे.

मीटरचा तो बीप ऐकून फार बरं वाटतं, हे मला माहीत आहे. मधल्या गोल स्विचवर स्पीकरचं चित्र असतं, तिथे काटा आणायचा, तारेच्या एका टोकाला लाल पिन, दुसऱ्याला काळी, आणि ‘टूंऽऽ’. वायर जिवंत आहे. पण हा आवाज नेमकं काय सांगतो? मीटरला तार दिसत नाही. तिच्या आत तांबं आहे की लोखंड, हेही त्याला कळत नाही. तो एवढंच करतो: स्वतःच्या पोटातल्या नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलमधून अगदी बारीक, साधारण एक मिलिअँपिअरचा प्रवाह तारेतून ढकलतो, आणि ढकलताना किती अडलं ते बघतो. तीस-पन्नास ओहमपेक्षा कमी अडलं की बझर वाजवतो. म्हणजे ‘टूं’चा खरा अर्थ ‘वाट आहे, आणि ती फार वाईट नाही’ इतकाच.

त्या बीपमध्ये एक गंमत लपली आहे, ती मला अजूनही पचलेली नाही. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन इतके ठासून भरलेले असतात (एका घन मिलिमीटरमध्ये पंच्याऐंशी अब्ज अब्ज, म्हणजे 85 वर अठरा शून्यं) की प्रवाह न्यायला त्यांना धावावं लागत नाही, सरकलं तरी पुरतं. एक मिलिअँपिअर प्रवाह आणि आपली नेहमीची बारीक जंपर वायर धरून हिशेब केला तर इलेक्ट्रॉन तासाला दोन-अडीच मिलिमीटर पुढे जातो. वीतभर वायरीच्या एका टोकाला आत शिरलेल्या इलेक्ट्रॉनला दुसऱ्या टोकाला पोहोचायला चारेक दिवस लागतील. बीप मात्र पिना टेकताक्षणी वाजतो. पाण्याने गच्च भरलेल्या नळीत इकडून थेंब ढकलला की तिकडून दुसराच थेंब बाहेर पडतो, तसं. आपण ऐकतो तो धक्क्याचा आवाज असतो. आत शिरलेला इलेक्ट्रॉन अजून दारातच असतो.

ढकलणारा मीटर आहे, हे एकदा कळलं की एक नियम पाठ करावा लागत नाही: सेल जोडलेल्या सर्किटवर कंटिन्युटी किंवा ओहम मोजायचे नाहीत. सर्किटचा सेल ढकलतोय, मीटरचाही सेल ढकलतोय. दोघं एकदम बोलायला लागले की ऐकू येईल ते खोटं. आधी सेल काढायचे. आणि हो, पिना कुठेच टेकलेल्या नसताना पडद्यावर डावीकडे एकटाच ‘1’ दिसतो ना, तो एक ओहम नाही. ‘माझ्या आवाक्याबाहेर आहे’ असं मीटर म्हणतोय. हा ‘1’ बघून ‘अरे वा, अगदी कमी रेझिस्टन्स’ म्हणणारा मी एकटाच नसेन, अशी आशा आहे.

चहा होईपर्यंत भाचीला एक खेळ दाखवला. वाचणाऱ्यांनीही करून बघावा. रिमोटमधले दोन सेल काढा. एकाच्या दोन टोकांना पिना लावा, मीटर वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर. नवा सेल असेल तर दीड व्होल्टच्या आसपास. दुसराही तसाच. आता दोन्ही सेल टेबलावर एकमेकांना न लागता ठेवा, आणि लाल पिन पहिल्याच्या वरच्या टोकाला, काळी पिन दुसऱ्याच्या खालच्या टोकाला लावा. काय दिसेल?

‘तीन,’ भाची म्हणाली. मग थांबून, ‘नाही, दीड.’

दिसलं शून्य.

दोन्ही सेल चांगले, मीटरही चांगला, आणि तरी शून्य. कारण व्होल्ट हा सेलच्या डोक्यावर साठलेला माल नाही. तो दोन ठिकाणांमधला फरक आहे. मारुतीच्या कमरेला पाणी आहे या वाक्याला अर्थ येतो, कारण त्याचे पाय त्याच नदीत रोवलेले आहेत. नाशिकचा मारुती आणि दुसऱ्याच नदीचं पाणी यांचा फरक कमरेत सांगता येत नाही. त्या दोन सेलना एकमेकांशी जोडणारी वाटच नव्हती, तेव्हा एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायापेक्षा किती उंच, हा प्रश्नच उभा राहत नाही. एका तारेने दोघांना जोडा, पहिल्याचं खालचं टोक दुसऱ्याच्या वरच्या टोकाला, आणि तिथेच तीन व्होल्ट उगवतात.

रोबोट बनवणारी निम्मी मुलं इथेच फसतात. मोटरींना एक बॅटरी, बोर्डाला दुसरी, आणि दोघांच्या मायनस एकमेकांना जोडायच्या राहून जातात. मग बोर्ड पाच व्होल्टचा हुकूम सोडतं आणि ड्रायव्हरला तो ऐकूच येत नाही, कारण ‘पाच, पण कुठपासून?’ हे ठरलेलंच नाही. ‘ग्राउंड कॉमन कर’ असं सीनियर ओरडतात ते यासाठी. भाचीच्या गाडीत ग्राउंड कॉमन होतं. तिने अभिमानाने दाखवलं. तेव्हा रोग तिथे नव्हता.

आता त्या पिवळ्या डब्याच्या आत काय चालतं ते सांगायलाच हवं, कारण ते इतकं देखणं आहे की मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला घटिकापात्र असायचं. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. तुमच्या मीटरमध्येही असंच एक पात्र आहे, कपॅसिटर नावाचं. बहुतेक साध्या मीटरचा मेंदू म्हणजे इंटरसिल या अमेरिकी कंपनीने 1970च्या दशकात आणलेल्या 7106 या चिपचा वंशज. चिप काय करते? तुम्ही पिनांवर जे अनोळखी व्होल्टेज दिलं त्याच्या धारेखाली ती पात्र धरते, आणि स्वतःच्या घड्याळाचे बरोबर एक हजार ठोके भरू देते. मग तोटी बंद. आता ओळखीच्या, ठरलेल्या धारेने पात्र रिकामं करायला घेते आणि ठोके मोजते. सातशे नव्वद ठोक्यांत रिकामं झालं? पडद्यावर 7.90. दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते तुम्ही फिरवलेल्या स्विचने आधीच सांगितलेलं असतं.

यातली खुबी बघा. घड्याळ थोडं हळू चालत असेल तर? काही बिघडत नाही. भरतानाही तेच घड्याळ, रिकामं करतानाही तेच. पात्र थोडं लहान-मोठं असेल तर? तेही चालतं, दोन्ही वेळा पात्र एकच. आपल्या जुन्या वाण्याचा तराजू खोटा असला तरी एकाच पारड्यात आधी माल, मग वजन ठेवून बरोबर तोल काढता येतो, तीच ही युक्ती. म्हणून तर दोन-तीनशे रुपयांत असा मीटर मिळतो. त्यातले बहुतेक भाग साधारणच असतात, एकच गोष्ट नेमकी लागते: ती ओळखीची धार.

अजून एक. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, आणि त्या हेलकाव्याची कुजबुज हवेतून प्रत्येक वायरीत शिरते. मीटरने ती ऐकली तर शेवटचा आकडा नाचत राहील. म्हणून चिपचं घड्याळ असं लावता येतं की हजार ठोके म्हणजे बरोबर सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात विजेचे पाच पूर्ण हेलकावे होतात. जितकं चढलं तितकंच उतरलं, बेरीज शून्य. आणि साठ हेलकाव्यांच्या अमेरिकेत? तिथे त्याच वेळात सहा पूर्ण होतात. एकाच आकड्यात दोन्ही देश बसवणाऱ्या त्या अनामिक इंजिनिअरला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

माझ्या कपाटात एक जुना मीटरही आहे, काट्याचा. काळा, जड, वरच्या अर्ध्यात पंख्यासारखी पसरलेली पट्टी. त्याच्यावर मोटवाने हे नाव आहे आणि तो नाशिक रोडला बनलेला आहे. नाशिक रोड म्हटलं की लोकांना नोटांचा छापखाना आठवतो. मला हा मीटर आठवतो. देशभरातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत, टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये, रेडिओ दुरुस्तीच्या टेबलांवर हे नाव असायचं. या घराण्याची कथाही मोठी आहे. ग्यानचंद मोटवाने यांनी 1909 साली सिंधमध्ये धंदा सुरू केला, पुढे तो मुंबईत आला, आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाचे त्यांचे कर्णे काँग्रेसच्या अधिवेशनांत, गांधी-नेहरूंच्या सभांत लागू लागले. 1942च्या आंदोलनात उषा मेहतांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात मोटवाने घराण्यातले नानिक मोटवाने हेही आरोपी होते. त्या घरचं नाव पुढे नाशिकच्या मीटरवर आलं.

आणि गंगापूर रोडवरून आनंदवल्लीच्या बाजूने पलीकडे सातपूरला गेलं की औद्योगिक वसाहतीत ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स आहे, 1982 साली नरेंद्र गोलिया यांनी सुरू केलेली. पॅनेलवरचे काट्याचे मीटर आणि हातात धरायचे मल्टिमीटर तिथून जगभर जातात. 2011 मध्ये त्यांनी पोलंडमधली ल्युमेल ही कंपनीच विकत घेतली. द्राक्षं, चिवडा, कुंभमेळा यांच्यासाठी प्रसिद्ध असलेलं आमचं गाव मोजमापाच्या यंत्रांचंही गाव आहे, हे आमच्याच लोकांना फारसं माहीत नसतं. वाइनच्या बाटलीवर नाशिक दिसलं की फोटो काढतात. मीटर उलटा करून कोण बघतो?

काट्याच्या मीटरचं तत्त्व मात्र दोनशे वर्षं जुनं. 1820 साली कोपनहेगनला ओर्स्टेडच्या लक्षात आलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. 1882 पर्यंत दार्सोंव्हालने त्याचं उलटं करून ठेवलं: लोहचुंबक पक्का बसवलेला, त्याच्या जबड्यात बारीक तारेचं वेटोळं टांगलेलं, वीज गेली की वेटोळंच फिरतं आणि काटा घेऊन फिरतं. मग इंग्लंडच्या पोस्ट खात्यातला इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी, टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायला तीन-तीन वेगळी यंत्रं वाहून कंटाळला, आणि त्याने तिन्ही एका डब्यात घातली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं ‘अॅव्हो’. 1923 साली तो बाजारात आला. आमच्याकडचे जुने मेकॅनिक अजूनही मल्टिमीटरला अॅव्होमीटर म्हणतात.

भाचीने काट्याचा मीटर हातात घेतला आणि नाक मुरडलं. मी म्हटलं, थांब, याला तुझ्या पिवळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त येते. लूज वायर हलवताना आकडे नुसते भेलकांडतात, त्यांतून काही कळत नाही; काटा मात्र थरथरतो, आणि थरथर डोळ्याला दिसते. एक खोड मात्र लक्षात ठेवायची: काट्याच्या बहुतेक मीटरांत ओहमवर असताना लाल पिनेला मायनस आणि काळीला प्लस असतं. डायोड तपासताना हे विसरलात तर चांगला डायोड उलटा बसवाल. डिजिटलमध्ये असं नाही.

दोघांत आणखी एक फरक आहे, आणि तो घरातल्या वायरिंगमध्ये भुतासारखा समोर येतो. बंद केलेल्या स्विचच्या पुढची वायर, जिला काहीच जोडलेलं नाही, तिच्यावर डिजिटल मीटर लावला तर कधी कधी साठ-सत्तर व्होल्ट दिसतात. वायरमन म्हणतो, ‘रिटर्न येतंय.’ बहुतेक वेळा येत काहीच नसतं. एकाच पाइपातून शेजारी-शेजारी गेलेल्या दोन वायरी म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर. जिवंत वायरीचा हेलकावा प्लॅस्टिकच्या भिंतीतून मेलेल्या वायरीत झिरपतो. झिरप अगदी क्षुल्लक. पण चांगला डिजिटल मीटर इतका मितभाषी असतो, आत एक कोटी ओहमचा अडसर ठेवून इतकं थोडं पाणी ओढतो, की ती झिरपसुद्धा त्याला पूर वाटते. काट्याच्या मीटरला वेटोळं फिरवायला जरा जास्त प्रवाह लागतो. तो लावला की भूत बसतं, काटा जवळजवळ शून्यावर येतो. मोजणारा किती पितो यावर मोजमाप बदलतं. (हे वाचून ‘भूतच असेल’ म्हणत कुणी वायरीला हात लावू नये. मेन स्विच पाडल्याशिवाय 230 व्होल्टच्या वाटेला जाऊच नये. शिकायचं ते सेलवर शिकावं.)

अँपिअरच्या बाबतीत तर मीटरला नदीतच उतरावं लागतं. तार तोडायची, मध्ये मीटर घालायचा, सगळा प्रवाह त्याच्या पोटातून. म्हणून अँपिअरच्या भोकात मीटर आतून जवळपास कोरी तारच असतो. आता माझा पराक्रम ऐका. कॉलेजात असताना मी करंट मोजून झाल्यावर लाल पिन दहा अँपिअरच्या भोकातच विसरलो, आणि तशाच पिना व्होल्ट बघायला म्हणून मोटरसायकलच्या बॅटरीला लावल्या. म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांत सरळ तार टाकली. ‘धप्प’ झालं, पिनेचं टोक वितळून मणी झालं, आणि खोलीत आठवडाभर तो वास. मीटरच्या त्या भोकाजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत ‘फ्यूज नाही’ असं लिहिलेलं होतं, ते मी नंतर वाचलं. ऋषभच्या मल्टिमीटरमध्ये यावर एक साधा इलाज आहे: स्विच व्होल्टवर असेल तर अँपिअरच्या भोकावर आतून पडदा सरकतो, पिन जातच नाही. माझ्यासारख्यांना ओळखून केलेली रचना.

चहा संपला. गाडी टेबलावर उलटी केली, चाकं हवेत.

पहिल्यांदा सेल काढून प्लस आणि मायनसच्या मध्ये बझर लावला. वाजला नाही, म्हणजे शॉर्ट नाही. मग ब्रेडबोर्ड. भाचीने ब्रेडबोर्डच्या कडेची लाल पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच धरली होती. मोठ्या ब्रेडबोर्डांत ती पुष्कळदा मधोमध तोडलेली असते, आणि बाहेरून कळायला लाल रेषेतली एक बारीकशी फट एवढीच खूण. मीटर लावला: डाव्या अर्ध्यात टूं, उजव्यात टूं, मधून आरपार गप्प. पण तिने योगायोगाने सगळं डाव्या अर्ध्यातच जोडलं होतं. हेही नव्हे.

सेल घातले. चाकं थांबलेली असताना होल्डरच्या टोकांना 7.9 व्होल्ट, ड्रायव्हरच्या निळ्या स्क्रूंवरही 7.9. ‘बघ, पूर्ण पोहोचतंय,’ ती म्हणाली. पोहोचतच असणार. वाहत काही नसेल तर वाट कितीही अरुंद असली तरी पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच राहते. अरुंद वाट कळते ती वाहायला लागल्यावर.

म्हणून गाडीला वाहायला लावलं. ड्रायव्हरकडून आर्डुइनोला येणारी पाच व्होल्टची वायर काढली, ग्राउंड तसंच ठेवलं, आणि बोर्डाला लॅपटॉपची केबल लावली, म्हणजे मधेच ते मरणार नाही. मोटरी सेलवरच. चाकं घरघरायला लागली. मी भाचीला म्हटलं, चाकं बोटाने दाबून धर. प्रवाह वाढला. आता होल्डरवर 7.6, ठीकच. ड्रायव्हरच्या स्क्रूंवर 5.7.

ती माझ्याकडे बघायला लागली. दोन हात लांबीचंही अंतर नाही, नुसत्या दोन वायरी, आणि वाटेत एक पूर्णांक नऊ व्होल्ट गायब. ड्रायव्हरवरची ती काळी तीनपायी चिप, जी आर्डुइनोसाठी पाच व्होल्ट तयार करते, तिला वर निदान सातेक व्होल्ट लागतात. 5.7 मध्ये तिचं भागत नव्हतं. पाच घसरले की आर्डुइनो बेशुद्ध, मोटरी बंद. मोटरी बंद की व्होल्ट परत चढले, आर्डुइनो जागं, परत मोटरी. अर्धा फेरा, बंद, अर्धा फेरा, बंद. कोडचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता खरी मजा. मी म्हटलं, मीटर वायरीच्या दोन टोकांना लाव. एकाच वायरीच्या.

‘एकाच वायरीच्या दोन टोकांत व्होल्ट कसे असतील? वायर म्हणजे शून्य ना?’

चांगल्या वायरीत जवळपास शून्यच. लाल वायरीवर 0.04 आले. काळीवर एक पिन होल्डरकडे, दुसरी ड्रायव्हरच्या स्क्रूच्या डोक्यावर: 1.84. बाकीचं किरकोळ. मग ती पिन सरकवत नेली. होल्डरपासून वायरीच्या सोललेल्या तांब्यापर्यंत 0.04. तांब्यापासून स्क्रूच्या डोक्यापर्यंत 1.8. दोन मिलिमीटर अंतर. आमच्या गोदेवरचा सोमेश्वरचा धबधबा त्या दोन मिलिमीटरमध्ये कोसळत होता.

भाचीने भिंग घेतलं. स्क्रू तिने चांगला करकचून आवळला होता, पण तो तांब्याच्या तारांवर बसलाच नव्हता. तो बसला होता वायरीच्या काळ्या प्लॅस्टिकवर. कडेने निसटलेला एकच काळवंडलेला केस पत्र्याला कसाबसा टेकला होता. दोन ओहमचा अडथळा असेल. बझरच्या एका मिलिअँपिअरला तो दोन मिलिव्होल्टांत पार होत होता, म्हणून ‘टूं’. मोटरींच्या जवळजवळ एक अँपिअरला तोच दोन व्होल्ट मागत होता.

‘म्हणजे बीप खोटं बोलला?’

‘तू विचारलंस वाट आहे का. त्याने हो म्हटलं. बैलगाडी जाईल का, असं विचारलं नव्हतंस.’

तिने स्क्रू सोडवला, वायर अर्धा इंच सोलली, तारा पिळून एकत्र केल्या, कथील लावलं (कथील स्क्रूखाली लावू नये असं माझं मत, पण तिच्या वयाला मत द्यायचं नसतं) आणि परत आवळला. चाकं दाबून मीटर लावला: 0.02.

मग स्वयंपाकघरापर्यंतच्या फरशीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून रस्ता केला. गाडी निघाली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, बायकोने ‘अगं, खरंच चालते की’ म्हटलं. तिसऱ्या वळणावर टेप सोडून गाडीने आमच्या फरशीच्या दोन लाद्यांमधली काळी सांध पकडली, ती सरळ धरून फ्रिजखाली गेली आणि तिथे घरघरत राहिली. रात्रीचे पावणेबारा. काढायला झाडूचा दांडा लागला, आणि तिच्याबरोबर दोन वर्षांपूर्वी हरवलेली रिमोटची झाकणी बाहेर आली.